वामनरावांचा नकाशावर विश्वास नव्हता

वामनराव खोडे रोज सकाळी ऑफिसला जाताना कुणाला तरी ऑफिसचा रस्ता विचारायचे.

त्याच सायकलीवर, त्याच रस्त्याने, त्याच कचेरीत जाण्यात माणसाचं अर्धं आयुष्य गेलेलं. तरी यवतमाळच्या भर चौकात सायकल उभी करायची, एखादा पानवाला किंवा पिशवी घेऊन उभा असलेला पाहुणा गाठायचा आणि म्हणायचं, "काहो भाऊ, ते नकाशाचं हापिस कुठीसा आलं?" तो हातवारे करून सांगणार, हे मान डोलावून ऐकणार, आभार मानणार आणि मग आपल्याच नेहमीच्या वाटेने निघणार.

एकदा मी न राहवून म्हणालो, "वामनराव, रस्ता तुम्हाला पाठ आहे."

"रस्ता पाठ हाय, बापू. मानसं पाठ नाहीत. कोन खरं सांगते, कोन खोटं, रोजच्या रोज पाहा लागते."

"मग आज काय निघालं?"

"पानवाल्यानं बरोबर सांगतलं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पन लय लवकर सांगतलं. थांब, याच्यात काईतरी हाय."

'याच्यात काईतरी हाय' हे त्यांचं ब्रीदवाक्य. भाजीवालीने वरून दोन मिरच्या जास्त टाकल्या, तरी याच्यात काईतरी. साहेब हसून बोलले, तर नक्कीच काईतरी. टपरीवर चहा आला की शेवटच्या क्षणी माझा पेला ते घ्यायचे आणि त्यांचा मला द्यायचे. चहात कुणी विष घालेल अशी त्यांची भीती नव्हती. एवढा खर्च आपल्यावर कोण करणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण टपरीवाल्याला आपण गाफील वाटता कामा नये, एवढंच.

लग्नाचंही असंच झालं. तरुणपणी एक मुलगी पाहून आले. मग रीतीप्रमाणे तिच्या घराण्याची चौकशी शेजाऱ्याकडे केली. शेजाऱ्याने फार चांगलं सांगितलं, म्हणून त्या शेजाऱ्याची चौकशी दुसऱ्या शेजाऱ्याकडे केली. दुसऱ्याने पहिल्याला नावं ठेवली, तेव्हा दुसऱ्याचं पाणी जोखायला तिसऱ्याकडे गेले. तोवर मुलीचं लग्न होऊन तिला मुलगा झाला. त्याच्या बारशाचं बोलावणं यांना आलं. तेही त्यांनी उलटसुलट करून पाहिलं म्हणे. आर्णी रोडला एका खोलीत ते एकटे राहायचे आणि दाराला कुलूप लावल्यावर ते ओढून पाहायला गल्लीच्या टोकावरून परत यायचे.

असा हा माणूस नोकरीला कुठे असावा? नकाशे काढायला! यात नियतीचं काईतरी असणार, असं माझंही मत आहे.

कापसाची ती वाईट वर्षं. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणाने एकदाही यायचं नाही. दर आठवड्याला कुठली तरी समिती, कुठलं तरी पथक, कुठला तरी कॅमेरावाला येऊन जायचा. त्यातच आमच्या ऑफिसला एक काम आलं: तालुक्यातले सगळे ओढे-नाले उपग्रहाच्या चित्रावरून नकाशात उतरवायचे आणि कोणता जिवंत, कोणता कोरडा हे जाग्यावर जाऊन तपासायचं. जिवंत नाल्याला हात लावायचा नाही, त्याच्या काठची झाडं राखायची. कोरड्या नाल्यात मशीन घालून तो खोल करायचा. काम वामनरावांकडे आलं. त्यांचा मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझ्याकडे मोटारसायकल होती. त्यापलीकडे माझ्या पात्रतेची चौकशी कुणी केली नाही. केली असती तर वामनरावांनीच केली असती, पण त्यांना पेट्रोलच्या भानगडीत पडायचं नव्हतं.

त्यांच्या हाती तीन गोष्टी आल्या. एक, कागदाचा जुना नकाशा. दोन, उपग्रहाचं चित्र. तीन, हातात मावणारं एक यंत्र, जे आभाळातल्या उपग्रहांना विचारून आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वा, काम सोपं झालं. वामनराव म्हणाले, "तीन साक्षीदार हायेत. एकमेकाले भेटू द्याचे नाहीत."

आणि खरोखर नाही भेटू दिले. यंत्र उजव्या खिशात, नकाशा पाठीवरच्या झोळीत आणि उपग्रहाचं चित्र माझ्या डिकीत. आधी यंत्राची जबानी, मग नकाशाची, मग चित्राची. तिघांचं जुळलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. "तिघंही एकच सांगून राह्यले. शिकवून आनलं वाटते."

उपग्रहावर तर त्यांचा विशेष डोळा. "वरून पाहून कोनाचं खरं कळलं हाय, बापू? झाकन ठेवलं तं भरला हंडा अन् रिकामा हंडा वरून सारखाच." त्यांचं चूक म्हणता येईना. आमच्या ऑफिसातल्या एका हुशार इंजिनियराने चित्रावरचा पांढराशुभ्र ठिपका पाहून तिथे ढग असल्याचं ठरवलं होतं. महिनाभराने आलेल्या चित्रातही ढग जाग्यावरच. आम्ही गेलो तर खरेदी केंद्राच्या आवारात न मोजलेल्या कापसाचा डोंगर, आणि बाहेर गाड्यांची रांग. गाडीवानांनी चुली मांडल्या होत्या. वामनराव रांगेच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले. "ढग असता तं सरकला असता," एवढंच म्हणाले.

अशा थाटात आम्ही उन्हाळ्यात पळसखेडीला पोचलो. आर्णीच्या पुढे, डांबरी रस्ता कंटाळून संपतो तिथून आत. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली वावरं, मधे कडुनिंब, मारुतीचं देऊळ.

मोटारसायकल दिसली मात्र, गावाने कवायत सुरू केली. देवळापुढे सतरंजी अंथरली गेली, दोन खुर्च्या आल्या, स्टीलच्या पेल्यात पाणी आलं आणि टोपी नीट करत बबनभाऊ आले. बबनभाऊ हे गावाचे समितीपुढे बोलायचे माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "तं साहेब, बोंड भरलं तवा पानी गेलं, अन् वेचनीच्या टायमाले पानी आलं..." मधेमधे ते आपणहून थांबायचे. मला आधी कळेना का. मग उमगलं: तिथे समितीची माणसं लिहून घेतात.

वामनराव म्हणाले, "बबनभाऊ, हे राहू द्या. गावचा नाला कुठीसा हाय?"

बबनभाऊंनी टोपी पुन्हा नीट केली.

"कापसाचं नाही इचारत?"

"नाही."

"बियान्याचं?"

"नाही."

"कर्जाचं?"

"नाही ना बाप्पा."

बबनभाऊंनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे. आजवर गावात जो आला तो कापसाचं विचारूनच गेला. जो कापसाचं विचारत नाही तो कशासाठी आला असेल? खुर्च्यांजवळचे पाण्याचे पेले कुणीतरी हळूच उचलून नेले.

"तुमी कोनत्या समितीचे?" बबनभाऊंनी विचारलं. आवाजात आता 'साहेब' नव्हता.

"समितीचे नाही. नाल्याचा नकाशा काढून राह्यलो. पानी राह्यते का उन्हाळ्यात?"

"कोरडा ठक्क हाय," बबनभाऊ म्हणाले.

"ठक्क," म्हातारे एका सुरात म्हणाले.

त्याच वेळी पोटापर्यंत ओल्या चिखलाने माखलेली एक म्हैस सतरंजीच्या कडेने शांतपणे निघून गेली. तिला कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

वामनराव उठले. त्यांच्या डोळ्यांत असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता. एवढं अख्खं गाव एकमताने खोटं बोलतंय, म्हणजे त्यांच्यासाठी दिवाळीच! मला कोपराने ढोसून म्हणाले, "बापू, हे गाव आपल्या लेवलचं हाय."

पावलांचा माग काढत, म्हैस जिथून आली होती तिकडे आम्ही चालत गेलो. करंज आणि जांभळांची गर्दी लागली, हवा एकदम थंड झाली. काळ्या खडकाची एक लांब पायरी होती आणि तिच्या चिरेतून पाणी झिरपत होतं. करंगळीएवढी धार, पण अखंड. खाली दगड लावून राखलेला झिरा आणि त्याच्या काठी एक म्हातारी पाण्याची पितळी गुंडी घासत बसलेली. ही सुभद्रामाय. गावातली सगळ्यांत जुनी बाई, आणि पुढे कळलं तसं, बबनभाऊंसकट सगळ्यांना तीच दटावते.

"माय, पानी हाय का इथं?" वामनरावांनी विचारलं.

"नाही," म्हातारी गुंडी भरून बाजूला ठेवत म्हणाली.

"मंग हे काय हाय?"

"हे? हे कालचं हाय."

वामनराव तिच्यासमोर खडकावर बसले आणि त्यांनी यंत्र काढलं. म्हातारी मान वाकडी करून पाहू लागली.

"हे काय करते?"

"वरच्या उपग्रहायले इचारते, आपन कुठं बसलो ते."

"आपल्याले माहीत हाय ना आपन कुठं बसलो ते. त्यायले कायले सांगता?"

मी हसलो. वामनराव हसले नाहीत. त्यांनी यंत्र तसंच हातात धरलं, बटण काही दाबलं नाही. मग म्हणाले, "माय, गावाले बोलाव. मले सांगाचं हाय."

कडुनिंबाखाली पुन्हा सतरंजी पडली. या वेळी खुर्च्या नव्हत्या. वामनरावांनी काही लपवलं नाही. "मी 'कोरडा' लिवलं तं पावसाळ्याआधी मशीन येईन. हा खडक फोडला की पानी खाली निघून जाईन, मंग बसा बोंबलत. मी 'जिवंत' लिवलं तं मशीन येनार नाही."

"अन् पाइप येईन," बबनभाऊ म्हणाले. "पानी दिसलं कागदावर, की शहराले पाइप. खालच्या गावाले झालं तसं. आमाले बयताड समजता का?"

"पाइपाचं मी नाही म्हनत नाही. येऊ बी शकते."

हे ऐकून सभा चक्रावली. सरकारी माणूस 'येऊ बी शकते' म्हणतो? नक्कीच याच्यात काहीतरी आहे! मागून एक आवाज आला, "हा ठेकेदाराचा मानूस हाय." दुसरा म्हणाला, "ठेकेदाराचा असता तं गाडी असती. हा दारूच्या कारखान्याचा हाय." माझ्या मोटारसायकलच्या नंबराची चिकित्सा झाली. मला गंमत वाटत होती, पण सुभद्रामाय हसत नव्हती. तिची नजर नाल्याच्या दिशेला होती. गावात दुसरं पाणी नव्हतं. हा झिरा गेला की भर उन्हात खालच्या गावाच्या विहिरीवर डोक्यावर गुंडी घेऊन जायचं, तिथल्यांची बोलणी खायची. तिला ते मागच्या दुष्काळातलं ठाऊक होतं.

तिने हात वर केला. सगळे गप्प झाले.

"तुमी कोनाचे, बाबा?"

कुठल्याही खेड्यात परक्याला विचारतात तोच प्रश्न. माणूस सांगतो, अमक्या गावचा, तमक्यांचा मुलगा, फलाण्यांचा जावई. वामनराव उठून उभे राहिले.

"कोनाचाच नाही, माय. माहं गाव धरनाच्या पान्याखाली हाय."

आम्ही एवढी वर्षं शेजारी टेबलांवर बसलो. मला हे ठाऊक नव्हतं.

"मोजनीवाले आले तवा मी लहान होतो. माह्या बापानं त्यायले साऱ्या वाटा दाखवल्या. दिवसभर उन्हात त्यायची झेंडी धरून उभा राह्यला. दुपारी आमच्या नाल्याचं थंडं पानी पाजलं. लय खूश होता. सरकार आपल्या घरी आलं म्हने." ते थांबले. बबनभाऊंसारखे समोरच्याने लिहून घ्यावं म्हणून नव्हे. "कायची मोजनी हाय हे त्यायनं सांगतलं नाही. अन् माह्या बापानं इचारलं नाही. मरेपर्यंत म्हनत होता, मी एकडाव इचाराले पाह्यजे होतं. म्हनून तुमी इचारा. मले काय इचाराचं ते इचारा. तुमच्या मनाविरुद्ध मी तिथं टिंब ठेवनार नाही."

 मग बबनभाऊ म्हणाले, "तुमच्या नकाशात दोनच खाने हायेत का? कोरडा अन् जिवंत?"

"अजून हायेत. स्मशान, गावठान, देवस्थान. देवस्थान असलं तं त्याच्या आसपास मशीन बी नाही अन् पाइप बी नाही."

सुभद्रामाय सावरून बसली. "मंग देव लिवा."

"देव हाय का तिथं?"

"नाही," बबनभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

"बबन्या, चूप बस! तुले काय माहीत? हाय."

"मले दिसला नाही, माय," वामनराव म्हणाले.

"आधी पानी तरी कुठं दिसलं होतं तुमाले?"

वामनरावांनी यंत्र खिशात घातलं. "पाहाल्याबिगर मी लिवत नाही. पुढच्या आठवड्यात पडताळनीले येतो."

पुढच्या आठवड्यात गेलो, तर खडकाच्या पायरीवर, धारेच्या बरोबर वर, देव हजर! शेंदराने न्हालेला, कण्हेरीची फुलं वाहिलेला, पुढे नारळ. भोवती सगळं गाव हात जोडून उभं. वामनराव गुडघ्यावर बसले. एक बोट देवाला लावलं. बोट लाल झालं.

"ओला हाय."

"देवाले रोज लावा लागते," सुभद्रामाय म्हणाली.

त्यांनी आणखी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. शेंदराखाली टाकीचे घाव स्पष्ट दिसत होते. कुणाच्या तरी घरचा, मिरची वाटून वाटून मधे खोलगट झालेला पाटा होता तो. मी बबनभाऊंकडे पाहिलं. बबनभाऊ आभाळाकडे पाहत होते.

आता संशयाचा स्फोट होणार, म्हणून मी मागे सरकलो. ज्या माणसाला पानवाल्याचं खरं उत्तर पचत नाही, त्याच्यासमोर कालपरवापर्यंत चटणी वाटलेला देव! वामनरावांनी चप्पल काढली. यंत्र हातावर धरलं, उपग्रह सापडेपर्यंत थांबले आणि बटण दाबलं.

"देवाचं नाव?"

गावाने याचा विचारच केला नव्हता. सुभद्रामाय म्हणाली, "झिऱ्याचा देव."

"जुना हाय?"

"लय."

"लिवतो," वामनराव म्हणाले.

पाऊस जवळ आला तेव्हा नकाशा पुरा झाला. वामनरावांनी तो स्वतः संगणकावर बसून जोडला होता आणि मलाही पाहू दिला नव्हता. त्यात नवल काही नाही. मंजुरीला साहेब येऊन बसले. साहेब नवीन होते, तरुण, हुशार आणि दुर्दैवाने तेही संशयी. एकेक नाला पडद्यावर मोठा करून पाहत होते. पळसखेडीवर थांबले.

"खोडे, हे देवस्थान जुन्या नकाशात नाही."

"लहान देव हाय, साहेब."

"पुरावा?"

"मी हात लावून पाह्यला."

साहेबांनी ओठ मुडपले आणि पडदा पुढे सरकवला. मग पुन्हा थांबले. "आणि हे काय?"

पडद्यावर मोठ्या धरणाचा निळा पसारा होता. त्या निळ्याच्या आत, काठापासून बरंच दूर, एक बारीक रेघ होती. एका जागी वळण घेऊन, जणू कुणाच्या अंगणाला वळसा घालून, ती पुढे गेली होती. यंत्राने टिपलेली नव्हती ती; तिथे उभं राहून टिपणार कोण? हाताने, आठवणीतून काढलेली होती. साहेबांनी रेघेवर टिचकी मारली. नावाच्या रकान्यात एकच शब्द उमटला: 'घरचा'.

"धरणाच्या पोटात नाला कसा असेल, खोडे?"

"होता, साहेब."

"जुन्या नकाशात आहे?"

"एवढे लहान नाले घेत नसत तवा."

साहेब वाईट माणूस नव्हते. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "हे पाहा, मला वर उत्तर द्यावं लागतं. एका नकाशात पुराव्याशिवायच्या दोन गोष्टी गेल्या तर अख्खा नकाशा परत येईल. एखादी मी सांभाळून घेईन. दोन नाही. कोणती काढायची ते तुम्हीच सांगा."

मला एकदम सुचलं की मधे पडावं, काहीतरी विनोद करावा, साहेबांना चहाला न्यावं. एरवी मला असं काहीतरी नेहमी सुचतं. त्या दिवशी मी खुर्ची सरकवून त्यांना वाट करून दिली.

वामनराव साहेबांच्या शेजारी वाकले. माउस हातात घेतला आणि ती निळ्यातली रेघ निवडली. रेघ उजळली. संगणकाने इंग्रजीत विचारलं: हे काढून टाकायचं, तुमची खात्री आहे ना?

जगातल्या कुठल्याही गोष्टीची कधीच खात्री नसलेला हा माणूस त्या प्रश्नाकडे पाहत राहिला. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग त्यांनी बटण दाबलं. धरण पुन्हा एकसारखं निळं झालं.

"झालं, साहेब," ते म्हणाले. "देव राहू द्या."